चाच्यांचं जहाज, मुक्काम भोर

मस्कत
९ फेब्रुवारी १९९७

नजीर,

सलाम. समीनाला आणि फिजाला दुआ.

सारोळ्याचा मुजफ्फर पुढच्या आठवड्यात रजेवर गावी येतोय. त्याच्याकडं एक पत्र्याचा डबा दिलाय. डब्यावर बिस्किटांचं चित्र आहे, पण आत बिस्किटं नाहीत. हे फिजाला आधीच सांग, नाहीतर झाकण उघडल्यावर तोंड पाडून बसेल.

आत जहाज आहे. म्हणजे जहाजाचे तुकडे आहेत. प्लास्टिकचे बारीक बारीक ठोकळे, एकावर एक दाबून बसवायचे. तीन डोलकाठ्या, लाल-पांढरी कापडाची शिडं, चार तोफा आणि सात माणसं. एक माकडही आहे. माणसं दर्यातली लुटारू आहेत. हितं मॅडम त्यांना कुर्सान म्हणतात. एकाचा पाय लाकडाचा, एकाच्या डोळ्यावर पट्टी.

मी ज्या घरात स्वयंपाक करते तितल्या धाकट्या मुलाचं, तलालचं, हे खेळणं. तलाल आता तेरा वर्षांचा झाला, सप्टेंबरात बाहेरदेशी शाळेला जाणार. मॅडमनी त्याचं कपाट रिकामं करायला काढलं आणि डबा टाकायच्या ढिगात गेला. मी मागून घेतला. मी आले तेव्हा तो सात वर्षांचा होता. स्वयंपाकघरातल्या फरशीवर डबा पालथा करायचा आणि मला म्हणायचा, खाला, पिवळा शोध. मी कणीक मळता मळता पिवळा शोधायची. सोबत चित्रांची वही आहे. तीत एक अक्षर नाही, नुसती चित्रं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ह्या घरात लई अरबी-इंग्रजी पुस्तकं आहेत, पण मला वाचता येतं असं हे एकच.

काही तुकडे हरवलेत. तू सुतार आहेस, बघ काय जमतंय.

तुझी,
झुबेदा आपा


भोर
१६ मार्च १९९७

आपा,

सलाम. डबा पोचला. मुजफ्फर सारोळ्याहून एसटीनं आला, मांडीवर डबा घेऊन. कंडक्टरनं दोनदा इचारलं म्हणं की आत काय वाजतंय.

खरं सांगू का, पहिल्यांदी मला पटलं न्हाई. म्या समीनाला म्हणलो, पोरीच्या जातीला दरोडेखोरांचं जहाज कशाला? आपानं भावली धाडायची. समीना म्हणाली, तुमी नगा खेळू, पोरगीला खेळू द्या. म्या म्हणलो, बरं, नुसतं बघतो.

आपा, म्या वीस वर्सं रंधा मारतोय. खिळा न्हाई, सरस न्हाई, इस्क्रू न्हाई, तरी समदं गच्च बसतंय. दाबलं की बसतं, वडलं की निघतं, आन् पुन्यांदा दाबलं तरी तितकंच घट्ट. एका सुताइतकाबी फरक न्हाई. म्या पट्टी लावून मोजलं. असलं काम करणारा कारागीर मला भेटला पायजे, त्याच्या हाताला हात लावीन म्हणतो.

चौदा तुकडे कमी व्हते. सागाच्या तुकड्यातनं कोरले. बारीक कानस घेऊन बसलो त्ये दुकानात गिऱ्हाईक उभं ऱ्हायलेलं कळलं न्हाई. शेजारचा कुंडलिक घड्याळजी आला, त्यानं आपलं डोळ्याला लावायचं भिंग दिलं. आता तो रोज दुपारी येतोय. शिडाच्या दोऱ्या त्यानं बांधल्या, मला हात लावू देत न्हाई.

फिजा पहिले दोन दिवस बघतच बसली. मग तिनं इचारलं, "अब्बा, ह्यांचं गाव कुठलं?"

म्या म्हणलो, "चोरांना गाव नसतं."

"मग सणाला कुठं जातात?"

ह्याचं उत्तर तुमीच लिवा.

म्या आता वेल्ह्याला शाळेच्या दारांचं काम घेतलंय. समोर तोरणा दिसतो. फळ्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा म्या फिजाला बारका तोरणा करून दिला, जहाज कुठंतरी लागाया पायजे म्हणून. कुंडलिक म्हणतो, डोंगरावर जहाज कसं लागंल, आन् लागलं तर गावातली लोकं काय म्हणतील. दोन दिवस त्याचाच वाद चाललाय.

जहाज पुरं झालं की सरस लावून पक्कं करणार हाय. काचेचं कपाट करतो, बाहेरच्या खोलीत ठेवतो. आल्यागेल्याला दिसंल.

तुमचा,
नजीर


मस्कत
२० एप्रिल १९९७

नजीर,

सलाम. सरस लावू नकोस. हे पत्र पोचायच्या आत लावलास तर मला कळवू पण नकोस.

ते काचेत ठेवायचं नसतं. तलाल दर शुक्रवारी सकाळी पूर्ण जहाज मोडायचा आणि दुपारच्या नमाजनंतर पुन्हा बांधायचा. पहिल्यांदा मलाही वाईट वाटलं होतं. एवढं सुबक केलेलं मोडतोय म्हणून मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, खाला, मोडलं नाही तर पुढच्या शुक्रवारी काय करू? तेव्हा फिजाला मोडू दे. तुझा जीव कासावीस होईल तेव्हा दुकानात जाऊन बस.

पोरीला चोरीची सवय लागेल ह्याची काळजी नको. नऊ वर्षांच्या मुलीला चोरी शिकवायला जहाज लागत नाही, शेजाऱ्याचा आंबा पुरतो. आपण दोघं कोणतं जहाज बघून शिकलो होतो?

तलालकडं ठोकळ्यांचे आणखी डबे होते. पोलिसांची गाडी, दवाखाना, आगीचा बंब. दोनदा बांधले की पलंगाखाली जायचे. जहाज मात्र सहा वर्षं चाललं. एकदा मी त्याला विचारलं, असं काय आहे ह्या चोरांत? तो विचार करून म्हणाला, "बंब आगीकडं जातो आणि परत येतो. दवाखाना जागेवरच असतो. जहाज कुठं जाणार ते मला ठरवावं लागतं." नऊ-दहा वर्षांचा होता तेव्हा.

फिजाला सांग, चोर सणाला जिथं खीर शिजत असेल तिथं जातात. तेवढ्यापुरते पाहुणे होतात.

माझी तब्येत ठीक. गरमी सुरू झाली. तलालचे कपडे शिवायला टाकलेत, शाळेचे. घरात त्याच्या जाण्याचीच तयारी.

झुबेदा आपा


भोर
३ ऑगस्ट १९९७

आपा,

सलाम. सरस लावला व्हता. पण प्लास्टिकला त्यो धरला न्हाई, दुसऱ्या दिवशी सालपटासारखा निघाला. तुमची दुआ.

एक गंमत झाली ती सांगतो. भाटघरच्या धरणाकडंला एका घराच्या खिडक्या बसवायच्या व्हत्या. शाळेला सुट्टी म्हणून फिजाला संगट नेली. पोरगीनं पिशवीत काय घेतलं त्ये म्या बघितलं न्हाई. म्या चौकट लावतोय तवर ती पाण्यावर गेली आन् जहाज सोडलं. पाणी चढल्यालं, वारा. जहाज वीसेक पावलं गेलं म्हणती, मग आडवं झालं आन् बुडालं.

म्या पळत गेलो तर काठाला गेनू उभा. त्यो तितं मासे धरतो. पोरगी रडत न्हाई, नुसती बोट दाखवती.

गेनू म्हणला, "काय बुडालं?"

फिजा म्हणली, "जहाज."

गेनूनं सगळ्या धरणावर नजर फिरवली. "कुणाचं?"

"माजं."

"माणसं किती व्हती?"

"सात चाचे आन् एक माकड."

गेनूनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणला, "पवता येत व्हतं का त्यांना?"

"जहाजावर ऱ्हातात म्हंजे येत असंल," फिजा म्हणली.

त्यानं कापडं काढली आन् उतरला. पाणी छातीइतकंच व्हतं. जहाजाचा बुडखा पहिल्या बुडीत घावला. मग त्यानं बारीक जाळं टाकलं. चिंगळ्यांच्या संगट एकेक चाचा वर येतोय आन् फिजा मोजतीय. सहा घावले. अंधार पडाया लागला तवर तो जाळं टाकत ऱ्हायला, म्याच त्याला नगं म्हणलो. पुढच्या बाजाराला त्यो भोरला आला, थेट दुकानात, आन् तंबाखूच्या पिशवीतनं सातवा काढून टेबलावर ठेवला. लाकडाच्या पायाचा. म्हणला, हा लंगडा असून सगळ्यात लांब गेला व्हता. चहा पिला, जहाज कसं बांधतात त्ये तासभर बघितलं आन् गेला. माकड मातूर गेलं त्ये गेलंच.

फिजाला म्या रागावलो न्हाई. तिनंच इचारलं, अब्बा, बुडालं म्हणून ते खोटं जहाज का? म्या म्हणलो, खरी जहाजं बी बुडत्यात. त्यावर तिचं समाधान झालं.

दसऱ्याच्या आधी लई काम हाय. नवीन रंधा मशीन घेतलंय, इजेवर चालणारं. आता दिवसाचं काम तासात.

तुमचा,
नजीर


मस्कत
४ जानेवारी १९९८

नजीर,

सलाम. पाच महिने झाले, तुझं पत्र नाही. मी तीन लिहिली. समीनाची दोन ओळींची चिठ्ठी आली, "सगळे खुशाल, काळजी नसावी." समीना कधी दोन ओळींत थांबत नाही. तिची चिठ्ठी वाचायला मला चहा ठेवावा लागतो.

काम जास्त असेल असं मी मनाला सांगते. मशीन आणलंस म्हणालास, त्यामुळं असेल. पण तू हातानं एक ओळ खरडलीस तरी मला पुरे.

तलाल सुट्टीला आला होता. उंच झालाय, आवाज फुटलाय. दोन दिवस कपाट उघडून समोर बसला होता. बाकी ठीक. परवा परत गेला.

पत्र पाठव.

झुबेदा आपा


भोर
१ फेब्रुवारी १९९८

आदरणीय फुपूस,

फिजाचा सलाम. बाईंनी पत्राचा जो मायना शिकवला आहे तो मला पाठ आहे, पण त्यात नमस्कार आहे म्हणून मी सलाम लिहिला.

हे पत्र मी अब्बांना न सांगता लिहीत आहे. तिकीट कुंडलिककाकांनी दिले. तुम्हीपण अब्बांना सांगू नये ही विनंती.

दसऱ्याच्या आधी अब्बांचा उजवा हात मशीनमध्ये गेला. बोटे तुटली नाहीत, पण दोन बोटांच्या शिरा कापल्या. पुण्याच्या दवाखान्यात त्या जोडल्या. डॉक्टर म्हणाले, आता बोटे रोज हलवायची, बारीक वस्तू उचलायच्या, डाळ निवडायची, नाहीतर ती तशीच ताठ राहतील. अब्बांनी दोन दिवस डाळ निवडली आणि परात ढकलून दिली. म्हणाले, हे काय पुरुषाचे काम आहे का. मग ते दुकानातही जाईनात. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, हात टॉवेलात गुंडाळून. तुम्हाला कळले तर तुम्ही नोकरी सोडून याल म्हणून कोणी काही लिहायचे नाही असे त्यांनी सांगितले. अम्मी चुलीजवळ बसून रडते. मी पाहिले आहे.

मग मी एक युक्ती केली. मी जहाज पूर्ण मोडले आणि म्हणाले, अब्बा, मला जमत नाही. हे खोटे होते, कारण मला वही न बघता येते. अब्बा डावा हात पुढे करू लागले. मी म्हणाले, चाच्यांचा कायदा आहे, उजव्या हाताने बांधायचे, नाहीतर जहाज बुडते. ते म्हणाले, असा कायदा कुठे आहे? मी म्हणाले, मागच्या वेळी मी डाव्या हाताने बांधले होते, म्हणून भाटघरला बुडाले. अब्बा खूप दिवसांनी हसले.

पहिल्या दिवशी तीन तुकडे बसले. ठोकळा बोटांतून निसटायचा आणि अब्बा शिवी द्यायचे, मग माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. आठवड्याने सगळा तळ झाला. रात्री मी हळूच अर्धा मोडून ठेवायची, म्हणजे सकाळी काम उरेल. चौथ्या दिवशी त्यांना ते कळले. ते तुकडे उचलून पुन्हा बांधायला बसले. काल त्यांनी एक पूर्ण डोलकाठी स्वतः उभी केली. अंगठ्याजवळचे बोट आता थोडे वाकते. मधले वाकत नाही.

मला परीक्षेत कार्यानुभवात पहिला नंबर मिळाला.

आपली आज्ञाधारक,
फिजा नजीर


मस्कत
२ मार्च १९९८

नजीर,

सलाम. तुझं पत्र नाही म्हणून मी आता रागावणं सोडलंय. तुझ्याकडून एक काम हवंय.

त्या जहाजासोबत एक लहान होडी होती. किनाऱ्याला उतरायची असली की चाचे त्या होडीत बसायचे. ती डब्यात नव्हती, लई आधी हरवली. ती तू मला करून दे. लाकडाची. बोटभर लांब, दोन माणसं बसतील एवढी, वल्ही वेगळी. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची नाही. मला तुझ्या हातची हवी, चांगलीवाईट कशीही. घाई नाही. मुजफ्फर मे महिन्यात रजेवरून परत येईल त्याच्याकडं दे.

होडी कशाला हवी ते विचारू नकोस. मोठी बहीण मागते एवढं पुरे.

फिजाला वेगळं पत्र पाठवलंय, तिच्या पहिल्या नंबराबद्दल. ते तू फोडू नकोस.

झुबेदा आपा


भोर
१० मे १९९८

आपा,

सलाम. ह्यो कागद म्या उजव्या हातानं लिवतोय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं हाय, त्याला माफी.

होडी मागितली तवाच मला कळलं की फिजानं लिवलंय. पहिल्यांदी राग आला. मग होडी कराया घेतली. अकरा दिवस लागले आपा. धड हातानं असती तर एका सकाळचं काम. दोन होड्या चिरल्या, तिसरी साधली. एका वल्ह्याला पटाशी जास्त लागलीय, दिसंल तुमाला. म्या तसंच ठेवलं. तेराव्या दिवशी दुकान उघडलं. मशीन झाकून ठेवलंय, हातरंधा घेतलाय. दारं-खिडक्या हळूहळू जमतील असं वाटतंय.

तुमच्यापासून लपवलं हे चुकलं. तुमी माज्यासाठी आयुष्यभर केलं, आता तरी बिनघोर ऱ्हावं असं वाटलं व्हतं.

पण आपा, लपवलं तुमीबी. मुजफ्फर रजेवर आला, गाठभेट झाली. बोलता बोलता बोलून गेला. तलाल हिवाळ्यात सुट्टीला आला तवा त्यानं जहाज शोधलं. कपाट उचकलं, पलंगाखाली बघितलं. मग तुमच्याकडं आला आन् इचारलं, "खाला, माझं जहाज कुठं?" तुमी खरं सांगितलं. त्या दिवशी त्यो जेवला न्हाई. आन् तुमी मुजफ्फरला बजावलंत की भोरला हे कळू द्यायचं न्हाई.

म्या रात्रभर इचार केला. सकाळी फिजाला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हणलो, ज्याचं हाय त्यानं मागितलंय. त्याला न इचारता आपल्याकडं आलंय. तू काय म्हणतीस?

तिनं वेणीची रिबीन सोडून पुन्यांदा बांधली. मग म्हणली, "आपून चाचे झालो का मग?"

म्या म्हणलो, "ठेवून घेतलं तर व्हय."

ती उठली आन् डबा घेऊन आली. जहाज तिनं स्वतः मोडलं, एकेक तुकडा पुसला, रंगारंगाच्या येगळ्या पुरचुंड्या केल्या. शिडं समीनानं धुतली, इस्त्री केली. माकड हरवलं त्येची चिठ्ठी फिजानं लिवून आत ठेवलीय, गेनूच्या नावासकट, म्हंजे त्या मुलाला वाटू नये की आमी शोधलं न्हाई. म्या कोरलेले चौदा तुकडे रंगवले. होडी वर ठेवलीय.

झाकण लावायच्या आदल्या दिवशी फिजा म्हणली, अब्बा, एक फोटो काढू. मग पुन्यांदा बांधलं. तिघांनी मिळून, एका दुपारीत. कुंडलिकनं दोऱ्या बांधल्या. फोटो स्टुडिओत गेलो. फोटोवाल्यानं मागं दर्याचा पडदा लावला, त्येच्याकडं नेमका व्हता, लग्नाच्या जोड्यांसाठी. फोटो डब्यात घातलाय.

रडली न्हाई पोरगी. मुजफ्फर डबा घेऊन गेला तवा रस्त्यापर्यंत गेली, परत आली आन् चपात्या लाटाया बसली. एक चपाती जहाजासारखी केली व्हती. समीनानं ती तशीच तव्यावर टाकली.

तलालला आमचा सलाम सांगा.

तुमचा,
नजीर


मस्कत
२६ जुलै १९९८

नजीर, समीना, फिजा,

तिघांना सलाम आणि दुआ. आज तिघांना मिळून लिहिते.

खरी चूक माझी होती. मॅडमनी डबा ढिगात टाकला हे खरं, पण तलाल तेव्हा घरातच होता आणि मी त्याला विचारलं नाही. तो मोठा झालाय, त्याला काय करायचंय, असं मीच ठरवलं. सहा वर्षं ज्याला भरवलं त्याच्या मनात काय आहे हे मला कळतं, असा माझा समज होता. सुट्टीत त्यानं विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. मग फेब्रुवारीत फिजाचं पत्र आलं, आणि ते आल्यावर तर डबा परत मागायचं मी मनातूनच काढून टाकलं. तलालला मी म्हणाले, माझ्या भावाचा हात बरा होतोय त्याच्यावर, थोडं थांबशील का? त्यानं तिकडून फोनवर एवढंच म्हटलं, "थांबतो."

तो गेल्या महिन्यात घरी आला. डबा मी त्याच्या कपाटात, पूर्वीच्याच जागी ठेवला होता. त्यानं तो स्वयंपाकघरात आणला. शुक्रवार होता. मी वांगी चिरत होते. फरशीवर ओतला आणि बसला, पाय आता ओट्याखाली मावत नाहीत. फिजाची चिठ्ठी मी त्याला वाचून हिंदीत सांगितली. गेनूनं विचारलेलं सांगितलं, पोहता येत होतं का म्हणून. तलाल इतका हसला की मॅडम बघायला आल्या.

चौदा तुकडे कुठले ते मी त्याला सांगितलं नाही. बांधता बांधता त्यानं एक हातात घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. नाकाशी नेला. मग सगळे शोधून बाजूला काढले. तेरा सापडले. चौदावा त्याला दोन तास सापडला नाही. नजीर, हे मी तुला मुद्दाम लिहितेय.

होडीचं वल्हं त्यानं बघितलं. मी म्हणाले, तिथं पटाशी जास्त लागलीय. तो म्हणाला, ह्या वल्ह्यानं होडी एका अंगाला वळेल, मग ती बेटाला गोल फेरी घालेल. तसंच त्यानं फरशीवर फिरवून दाखवलं. चौदा वर्षांचा मुलगा, ओठावर मिसरूड, गुडघ्यावर रांगत होता.

संध्याकाळपर्यंत जहाज उभं राहिलं. तो लांब सरकून बघत बसला. मला म्हणाला, "खाला, मला ते ठेवायचं नव्हतं. मागच्या वेळी मोडलं तेव्हा ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं. एकदा माहीत असताना बांधायचं होतं."

भाजी लागली होती, ती उतरवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जहाज मोडून डबा भरला. होडी त्यानं ठेवून घेतलीय, तिकडं शाळेत न्यायला. बदल्यात त्याच्या जुन्या सामानातला एक पोपट डब्यात टाकलाय, प्लास्टिकचा, हिरवा. म्हणाला, माकडाची जागा रिकामी नको. डबा फिजाचा आहे, असं त्यानं सांगितलंय, आणि ह्या वेळी मी त्याला तीनदा विचारून घेतलं. मला रमजानला रजा मिळालीय, महिनाभर. मॅडमनी तिकीट काढलं. डबा मीच घेऊन येते. मुंबईहून पुण्याला, आणि पुण्याहून एसटीनं. नसरापूर फाट्याला कुणी उभं राहायची गरज नाही, मी भोरपर्यंत बसून येईन.

फोटो मी त्याला दिला नाही. माझ्याकडं आहे, उशीखाली. मुजफ्फरनं डबा दिला त्या दिवशी सगळ्यात आधी तोच काढला होता. खरं सांगते, जहाज मी नंतर बघितलं. फिजालाही नंतरच. आधी तुझा हात बघितला. तू जहाज उजव्या तळव्यावर घेऊन पुढं धरलंयस, आणि मधलं बोट तळाला टेकलंय, वाकून.

झुबेदा आपा